चारचौघांची धास्ती: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांसमोर बोलायच्या भीतीवरचे बहुतेक सल्ले शहरातल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. आधी ओळखीच्यांशी बोला, मग हळूहळू अनोळखी लोकांकडे वळा, असं ते सांगतात. विदर्भातल्या घाटंजी किंवा सिंदेवाही तालुक्यातल्या हजार वस्तीच्या गावात अनोळखी माणूस शोधायचा कुठे? तिथे तर ओळखीच्यांचीच भीती असते. आज अडखळलात तर उद्या पानठेल्यावर त्याचीच चर्चा, आणि नावासकट. खालची उत्तरं ही अडचण धरून दिली आहेत.

आमचं पोट्टं लाजाळू आहे. याला लगेच आजार म्हणायचं का?

नाही. पाहुणे आले की घटकाभर दाराआड थांबून मग हळूच येऊन बसणारं पोर लाजाळू असतं, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. काम अडायला लागलं की मात्र विचार करावा. सेतू केंद्रातली गर्दी पाहून अर्ज न भरताच परत येणं, उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणं, बहिणीच्या लग्नात दिवसभर मागच्या खोलीत बसून राहणं, ही अडल्याची लक्षणं आहेत. भीती प्रसंगाच्या मानाने फारच मोठी असेल, जवळजवळ दरवेळी येत असेल, सहा महिने किंवा जास्त टिकली असेल आणि शिक्षण, कामधंदा, नातीगोती यांच्या आड येत असेल, तर डॉक्टर तिला सोशल अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. मराठीत सामाजिक भयगंड असंही म्हणतात. बहुतेकांना हा त्रास साधारण आठ ते पंधरा या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन शाळेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये. त्याआधीच्या पिढीतल्या अशा माणसाला गावाने 'घुमा' म्हटलं आणि विषय संपवला.

मला हा त्रास आहे का, घरच्या घरी तपासता येईल?

अंदाज घेता येतो. 'मिनी-स्पिन' नावाची तीनच विधानांची छोटी चाचणी आहे. फजिती होईल या भीतीने मी कामं किंवा लोकांशी बोलणं टाळतो का? सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे जाईल असे प्रसंग टाळतो का? आपण बावळट दिसू, ही माझ्या सर्वांत मोठ्या भीतींपैकी एक आहे का? प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ४ (अतिशय) असे गुण द्या. एकूण १२ पैकी ६ किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी एकदा बोलावं. हे निदान नव्हे, डॉक्टरांकडे जायचं की नाही एवढंच यावरून ठरवायचं.

तोतरेपणामुळे बोलणं टाळणाऱ्याने वाचा-उपचार करणाऱ्याकडे जावं. आधी मोकळं असलेलं माणूस अलीकडेच गप्प झालं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याचे उपचार वेगळे आहेत.

इतकी वर्षं लोकांत वावरतो आहे, तरी भीती जात का नाही?

कारण वावरताना आपण भीतीपासून लपत असतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये याची साखळी मांडली. माणूस चारचौघांत गेला की त्याचं लक्ष समोरच्यावरून उडतं आणि स्वतःवर खिळतं: आवाज कापतोय का, कान लाल झाले का, हात कुठे ठेवू. आतून जितकं भयंकर वाटतं, तितकंच बाहेरून दिसत असणार असं तो धरून चालतो. मग ते दिसू नये म्हणून युक्त्या करतो.

या युक्त्या आपल्याकडे ठरलेल्या आहेत. मोबाइलमध्ये मान घालणं, एसटीत मागची सीट पकडणं. ऊन नसतानाही तोंडाला स्कार्फ. तहसीलमध्ये जायचं तर काकाला सोबत नेऊन त्यालाच बोलायला लावणं. आणि एक खास आपल्या भागातली: तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. खर्रा भरलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही, विचारला तरी नुसतं 'हूं' चालतं. खऱ्र्याची सवय इतर कारणांनीही लागते हे खरं, पण न बोलायची सोय म्हणून तो चघळणारे मी बरेच पाहिले आहेत. वर तंबाखूने छातीची धडधड वाढते ती वेगळीच.

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात. डबा कधी सोडलाच नाही, तर आपण तरंगतो ते डब्यामुळेच असं माणसाला जन्मभर वाटत राहतं. या युक्त्यांचं तसंच आहे. प्रसंग निभावला तरी श्रेय जातं स्कार्फला, काकाला किंवा खऱ्र्याला.

मग स्वतःहून सुरुवात कुठून करायची?

एक वही घ्या. टाळत असलेले प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे भीतीचे ० ते १०० गुण टाका. कमी गुणांपासून जास्त गुणांकडे लावलेली ही यादी म्हणजे तुमची शिडी. ३०-४० गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात करायची. एकदम ग्रामसभेत उभं राहायला जाऊ नका. धिंडवडे निघाल्यासारखं वाटलं तर वही माळ्यावर जाईल.

गावातल्या माणसाने शिडी उलटी लावावी, असं माझं मत आहे. खालच्या पायऱ्या तालुक्याच्या ठिकाणी ठेवायच्या, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. गाव वरच्या पायऱ्यांवर. पांढरकवड्याजवळच्या एखाद्या गावातला बीएचा विद्यार्थी धरला, तर त्याची वही साधारण अशी दिसेल.

आठवडी बाजारात भाजीवालीला भाव विचारायचा आणि काही न घेता पुढे जायचं: ३०. एसटीत शेजारच्याला "ही गाडी करंजीले थांबते का?" विचारायचं, उत्तर माहीत असलं तरी: ३५. कृषी केंद्रात गर्दी असताना औषधाचं प्रमाण विचारायचं आणि कळलं नाही म्हणून पुन्हा विचारायचं: ५०. इथून पुढे गाव सुरू होतं. पानठेल्यावर उभ्या असलेल्या वर्गमित्रांपाशी स्वतःहून थांबायचं, खर्रा न घेता: ६०. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला भिंतीपाशी न बसता पुढे बसायचं, पुढच्या आठवड्यात खंजिरी हातात घ्यायची: ७०. तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेची रीत अजून चालू असलेल्या गावांत ही पायरी फार कामाची. आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळतो आणि तरी तुम्ही लोकांत असता. सगळ्यात वर ग्रामसभा. आपल्याकडे ती बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास असते. तिथे उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, "नळाची पाइपलाइन आमच्या गल्लीत कधी येणार?" गुण ९५.

एक पायरी एकदा चढून भागत नाही. तिचा कंटाळा येईपर्यंत ती करायची. रोज जमली तर उत्तम, महिन्यातून एकदा केली तर भीती दरवेळी नव्याने उभी राहते.

वहीत दोन रकाने करा. प्रसंगाआधी काय होईल असं वाटतं ते पहिल्यात, नंतर प्रत्यक्षात काय झालं ते दुसऱ्यात. कृषी केंद्राची नोंद अशी असू शकते. आधी: "दुकानदार वैतागेल. मागचे हसतील. आवाज फुटेल." नंतर: "दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, पंपाले तीस मिली. मागचा माणूस मोबाइलवर होता. आवाज एकदा चिरकला. कुणी पाहिलं नाही." भीतीने केलेली तीन भाकितं, त्यातलं एक खरं ठरलं आणि त्यानेही काही बिघडलं नाही. अशी दहा-पंधरा पानं भरली की ती वही कुठल्याही भाषणापेक्षा जास्त पटवून देते.

प्रसंगात उभा असताना नेमकं काय करू? डोकं रिकामं होतं.

लक्ष बाहेर काढा. समोरच्याच्या शर्टाचा रंग, त्याने म्हटलेलं शेवटचं वाक्य, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. आपण कसे दिसतोय याची पाहणी सोडून तो काय म्हणतोय ते ऐकायचं. हे घरी आईशी बोलतानाही सरावता येतं आणि सरावावंच लागतं.

१९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचं उदाहरण इथे चपखल बसतं. तरुणपणी त्यांना सभेत बोलता येत नसे. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, एकही प्रश्न सुचला नाही, खाली बसले आणि घेतलेली ३० रुपये फी परत केली. १८९३ मध्ये प्रिटोरियात मात्र ते तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर नीट बोलले, आणि तेच आपलं पहिलं जाहीर भाषण असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. विषय होता त्या लोकांचा धंद्यातला खरेपणा आणि त्यांची परिस्थिती. मला त्यातून दिसतं ते इतकंच, की लक्ष स्वतःवरून उठून विषयावर गेलं.

बँकेत सही करताना हात थरथरतो. क्लर्क म्हणतो, सही जुळत नाही.

हा प्रश्न पीककर्जाच्या दिवसांत हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. लोक पाहत असताना लिहिता न येणं हा या त्रासाचा ओळखीचा प्रकार आहे. काउंटरवर साखळीला बांधलेलं पेन, मागे रांग, क्लर्कची नजर कागदावर. माणूस पेन घट्ट आवळतो, आणि आवळल्यानेच हात जास्त थरथरतो.

घरी सुरुवात करा. एकट्याने नव्हे, बायकोला किंवा भावाला शेजारी बसवून. आधी पेन सैल धरून सही करा. मग मुद्दाम हात हलवत वाकडीतिकडी करा आणि त्यांना पाहू द्या. मुद्दाम थरथरवलेला हात लपवावा लागत नाही, त्यामुळे अर्धी धास्ती तिथेच उतरते. पुढची पायरी किराणा दुकानात उधारीच्या वहीवर सही. मग बँकेत गर्दी नसताना पैसे भरायची स्लिप, शेवटी गर्दीच्या वेळची. सही खरोखरच बदलली असेल तर नमुना सही नव्याने देता येते. तसा अर्ज सरळ मागा.

चहाचा कप थरथरणं, पंगतीत घास न उतरणं, एसटी स्टँडच्या मुतारीत शेजारी कुणी असलं की लघवी न होणं, हे सगळं त्याच जातीचं. शेवटच्या गोष्टीची तक्रार पुरुष कधी करत नाहीत, पण प्रवास टाळायचं कारण पुष्कळदा तेच असतं.

पोह्यांचा कार्यक्रम ठरला आहे. ट्रे घेऊन कशी जाऊ?

पहिली गोष्ट, ट्रे तुम्हीच न्यायचा असा कायदा नाही. मावशी नेईल, तुम्ही येऊन बसा. पण ट्रे न नेणं ही पळवाट होत असेल, तर आधी घरच्यांसमोर भरलेल्या कपांचा ट्रे नेऊन पाहा, बशीत चहा सांडला तर सांडू द्या. आणि मुलाला एक प्रश्न विचारायचाच असं ठरवून ठेवा. विचारणारी व्यक्ती स्वतःकडे कमी पाहते.

रात्री आडवं झालं की दिवसभराचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवतं.

ही उजळणी भीतीला खतपाणी घालते, कारण तिच्यात फक्त चुकाच दिसतात. बोलणं झाल्यावर वहीच्या दुसऱ्या रकान्यात लगेच लिहून टाका. रात्री मन पुन्हा तिथे गेलं की 'लिहिलं आहे' एवढंच म्हणून हातातल्या कामाकडे किंवा रेडिओकडे वळा. विचार हाकलायला गेलात तर ते वाढतात. त्यांच्याशी वाद घालायला बसू नका.

दीर्घ श्वास, ध्यान, प्राणायाम याने जाईल का?

अंगाचा ताण कमी होतो, झोप सुधारते, करायला हरकत नाही. एकट्या श्वासाने ही भीती जाताना मी पाहिलेली नाही. आणि 'श्वास मोजल्याशिवाय बोलणारच नाही' असं झालं, तर तोही पाठीचा डबाच.

लोकांनी नावं ठेवली तर? मला तेच सहन होत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती बरीच रुजली आहे. लोकांनी मला चांगलं म्हणावं, ही इच्छा झाली. चांगलं म्हटलंच पाहिजे, नाहीतर माझी काही किंमत नाही, ही मागणी झाली. एलिस यांच्या मते त्रास होतो तो या मागणीमुळे.

हे त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला ते अतोनात लाजत. म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, असं ठरवलं. महिनाभरात शंभर जणींशी बोलले. पुन्हा भेटायला एकच तयार झाली, ती आलीच नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. हा प्रयोग आपल्या एसटी स्टँडवर जसाच्या तसा करू नका, चोप बसेल. बाजारात भाव विचारून पुढे जाणं हीच त्याची गावठी आवृत्ती समजा.

पुण्यात शिकायला गेलो. 'मले, तुले' ऐकून मुलं हसतात. आता तोंडच उघडत नाही.

वऱ्हाडी बोलणं ही चूक नाही, त्यामुळे ती दुरुस्त करायच्या मागे लागू नका. प्रत्येक शब्द तोंडातच तपासत बसलात की बोलणं अडखळतं, आणि लोक त्या अडखळण्याकडे पाहतात. पहिल्या ओळखीतच सांगून टाका, "मी यवतमाळकडचा, माझी भाषा अशीच आहे." लपवण्यासारखं काही उरलं नाही की हसणाऱ्याची मजा संपते. परीक्षेत, मुलाखतीत प्रमाण भाषा लागते, ती सवयीने येते. खोलीवरच्या मित्रांशी मात्र बिनधास्त "काहून बे?" म्हणा.

लोक खरोखरच हिणवतात. जातीवरून, कपड्यांवरून. तेही मनाचे खेळ का?

नाहीत. विहिरीवर, पंगतीत, शाळेत खरोखर वेगळं बसवलं जात असेल, तर ती भीती अनुभवातून आलेली आहे, आणि "तुम्ही चुकीचा विचार करता" असं सांगणारा समुपदेशक तुमच्या कामाचा नाही. तिथे शिडी-वहीच्या आधी साथ लागते: आपली माणसं, संघटना, गरज पडली तर कायदा. मात्र खऱ्या अपमानाचा चटका पुढे सगळीकडे पसरतो, हेही होतं. ज्या ग्रंथपालाने कधी वाईट वागवलं नाही, त्याच्यासमोरही मान खाली जाते. वही वापरायची ती या दुसऱ्या जागेसाठी. कुठे धोका खरा आहे आणि कुठे जुन्या चटक्याची आठवण बोलते आहे, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही.

सून सहा महिन्यांपासून कुणाशी बोलत नाही. तिला हा त्रास असेल का?

माहेरी गेल्यावर बोलते का ते आधी पाहा. तिथे खळखळून हसत असेल, मैत्रिणीला तासभर फोन करत असेल, तर प्रश्न तिच्या मनाचा नाही, घरातल्या वातावरणाचा आहे. सासऱ्यांसमोर पदर आणि तोंडाला कुलूप अशी अपेक्षा ठेवून वर "बोलत काहून नाही?" विचारण्यात काय अर्थ आहे? माहेरीही, लग्नाआधीपासून, असंच असेल तर मग त्रासाचा विचार करा. बचत गटाची बैठक अशा बाईसाठी चांगली जागा असते. हप्ता देताना आपलं नाव आणि रक्कम मोठ्याने सांगणं ही पहिली पायरी झाली.

लहान मुलासाठी आई-बापाने काय करावं?

पाहुण्यांसमोर "काकांना गाणं म्हणून दाखव" थांबवा. "आमचा लाजाळूच आहे" हे त्याच्या देखत म्हणणंही थांबवा. आणि सगळ्यात अवघड: त्याच्या वतीने बोलणं थांबवा. दुकानदाराने त्याला विचारलं की आईने पाचपर्यंत अंक मनात मोजावेत, पोराला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो.

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्यानंतरचा मुलांचा सण, यासाठी आयताच आहे. लाकडी नंदी घेऊन घरोघरी जायचं, बोजारा (खाऊ-पैसे) मागायचा. पहिल्या दोन घरी तुम्ही सोबत, पुढच्या घरी फाटकापाशी थांबा, त्यापुढे तो मित्रासोबत. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एक शब्दही काढत नसेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

नाटकात काम केलं तर भीती मोडेल का?

कुणाकुणाची मोडते. पण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, हजारो लोकांसमोर रात्रभर काम करणारा नट वडशाच्या हॉटेलात भाजी परत पाठवायला लाजतो, असंही होऊ शकतं. रंगमंचावर शब्द दुसऱ्याने लिहिलेले असतात. आवड असेल तर जरूर करा, औषध म्हणून नको.

थोडी घेतली की मी मोकळा बोलतो. काय वाईट आहे?

दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होऊन येते, आणि पुढच्या वेळी 'थोडी' पुरत नाही. या त्रासाच्या माणसांत दारूचं व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथेही हा प्रश्न येतोच. त्यावरून काय ते समजा.

घरचे म्हणतात बाहेरचं काही आहे, बाबाकडे नेऊ.

पूजाअर्चेने घरच्यांना धीर येत असेल तर भांडू नका. मात्र मारहाण, मिरचीचा धूर असल्या अघोरी प्रकारांवर महाराष्ट्रात २०१३ पासून कायद्याने बंदी आहे. आणि बाबाकडे नेलं म्हणून दवाखाना पुढे ढकलू नका.

गोळ्या घ्याव्या लागतात का? सवय लागते म्हणतात.

सगळ्यांना लागत नाहीत. बोलण्यातून, सरावातून होणारा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) हा उपचार या त्रासावर पहिला मानला जातो, वर सांगितलेली शिडी आणि वही त्यातलीच. त्रास जास्त असेल तर डॉक्टर एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन अशा गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. व्यसन लागतं तसं यांचं लागत नाही, पण मनाने एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी होते. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या 'शांततेच्या' गोळ्यांची. त्या मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. भाषणाआधी धडधड थांबवायला प्रोप्रानोलॉल घेतात हेही ऐकलं असेल. दमा असलेल्याला ती धोक्याची आहे, म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टर कुठे भेटतील? नागपूरलाच जावं लागेल का?

बहुतेकदा नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक असतात. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ते कुठल्या दिवशी येतात, हे आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली सरकारी महाविद्यालयं, नागपूरचं मेडिकल आणि एम्स इथे मानसोपचार विभाग आहेत. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. तिथे गेलं की भरतीच करतात असं नाही, ओपीडीत दाखवून संध्याकाळच्या गाडीने परत येता येतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

"तिथे कुणी पाहिलं तर?" हा पुढचा प्रश्न असतोच. जिल्हा रुग्णालयाच्या गर्दीत तुम्ही डोळे दाखवायला आलात की मन, हे कुणाला कळत नाही.

कधी कधी जीवच नकोसा होतो.

हे आजच कुणाला तरी सांगा, शिडी-वही नंतर. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. घरच्यांनी फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत, चावी दुसऱ्याकडे द्यावी. तो क्षण बहुतेकदा ओसरतो, तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर जीव वाचतो. जिवाला धोका समोर दिसत असेल तर ११२.

मराठीत ऐकण्या-पाहण्यासारखं काही आहे का?

ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्य संस्थेचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये तिची सुरुवात केली. विवेकनिष्ठ पद्धत सोप्या मराठीत समजून घ्यायला ते चांगले. 'सात दिवसांत आत्मविश्वास' छापाच्या व्हिडिओंवर डेटा घालवू नका. आणि कुठलाही व्हिडिओ पाहिला की त्याच दिवशी एक पायरी करा. नाहीतर व्हिडिओ पाहणं हेच बाहेर न पडायचं कारण होऊन बसतं.

१४४१६ वर फोन करा म्हणता, पण मला फोनचीच भीती वाटते.

ही टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी रेकॉर्ड केलेला आवाज भाषा निवडायला सांगतो, मग समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर पुढे डॉक्टरांशी जोडून देतात. पहिल्यांदा नुसती भाषा निवडून फोन ठेवला तरी चालेल, ती तुमची पहिली पायरी. घरात सगळे ऐकतात म्हणून शेतात किंवा गच्चीवर जा, रेंज मिळेल अशी जागा पाहा. बोलायचं ते कागदावर लिहून समोर धरा आणि वाचून दाखवा, पलीकडच्याला त्याचं काही वाटत नाही. कागदावर एवढं पुरे: "नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातून बोलतो. मला लोकांसमोर बोलायची फार भीती वाटते, फोनवरही वाटते, म्हणून लिहून आणलं आहे. मी थांबलो तर फोन ठेवू नका, मले जरा वेळ लागते."